धर्मराज्याची छत्रे : तंजावरमधल्या अन्नदानाची आणि लोकसेवेची परंपरा

तंजावरच्या मराठा राजांनी अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीच्या मुलखात छत्रांची एक साखळी उभी केली. छत्र म्हणजे वाटसरूला फुकट अन्न आणि निवारा देणारी जागा. तंजावरच्या छत्रांनी मात्र याच्या पलीकडे जाऊन दवाखाना, शाळा, अनाथाश्रम आणि बाळंतिणीची खोली ही सगळी कामे एकाच आवारात चालवली. रामेश्वराच्या वाटेवरचा कोणीही माणूस तिथे थांबू शकत असे. मराठी सत्ता 1855 साली संपली, तरी छत्रांच्या जमिनी, त्यांच्या काही इमारती आणि त्यांच्या उत्पन्नावर वाढलेल्या शिक्षणसंस्था तंजावर परिसरात आजही आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकाला तंजावर ठाऊक असते ते सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आणि बृहदीश्वराच्या मंदिरातल्या मराठी शिलालेखामुळे. छत्रांची ओळख त्या मानाने कमी आहे. वास्तविक तंजावरच्या राजांनी आपल्या राज्याचा सर्वांत मोठा मान छत्रांमध्येच मानला होता.

वाट आणि वाटसरू

छत्रांची गरज समजून घ्यायची तर आधी नकाशा पाहावा लागतो. कावेरी तिरुचिरापल्ली सोडून पूर्वेकडे निघाली की तिला फाटे फुटतात आणि समुद्राला मिळेपर्यंत तिचे जाळे होते. या त्रिभुज प्रदेशात तंजावर आहे. कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापासून निघालेल्या पाण्यावर इथे भाताची पिके निघतात, म्हणून हा भाग दक्षिणेचे धान्याचे कोठार मानला जातो. तंजावरहून दक्षिणेला ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै असे करत समुद्रकिनारा गाठायचा आणि तिथून किनाऱ्याकाठाने रामेश्वराकडे जायचे, ही यात्रेकरूंची वाट होती. दक्षिणेकडे सरकावे तसतसे नदीचे पाणी कमी होत जाते, जमीन कोरडी होते आणि वस्ती विरळ होते.

काशी आणि रामेश्वर या दोन टोकांना जोडणारी यात्रा हिंदुस्थानभरच्या माणसांना या वाटेवर आणत असे. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू घेऊन पुन्हा उत्तरेला जायचे, असा या यात्रेचा क्रम. ती पायी होत असे आणि तिला महिनेच्या महिने लागत. वाटेत अन्न संपे, आजार येई, गरोदर बाई अडे, म्हातारा माणूस दगावे, आईबाप गेलेले मूल परक्या मुलखात एकटे उरे. भाषा वेगळी, नातेवाईक शेकडो कोस लांब. अशा माणसाची जबाबदारी घेणारे कोणीतरी वाटेवरच असायला हवे होते, आणि तंजावरच्या छत्रांनी ती जबाबदारी घेतली.

राजे, राण्या आणि गावांची नावे

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्यानंतर शहाजी, पहिले सरफोजी, तुकोजी, प्रतापसिंह, तुळजाजी, अमरसिंह, दुसरे सरफोजी आणि दुसरे शिवाजी अशी ही परंपरा पुढे चालली. दानधर्म या घराण्याच्या कारभारात पहिल्यापासून होता. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना इनाम दिले आणि ते पुढे शहाजीराजपुरम म्हणून प्रसिद्ध झाले. प्रतापसिंहाने नागोरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार बांधून दिला. 131 फुटांचा हा मिनार आजही समुद्रावरून दिसतो. हिंदू राजाने मुसलमान संताच्या दर्ग्यासाठी केलेले हे काम त्या मुलखात नवलाचे मानले गेले नाही, कारण नागोरला नवस बोलणाऱ्यांत हिंदू तेव्हाही होते आणि आजही आहेत.

छत्रांची मोठी मालिका प्रतापसिंहाच्या काळापासून दिसू लागते. नीडामंगलमचे छत्र यमुनांबाळच्या नावाचे आहे, ओरत्तनाडूचे मुक्तांबाळच्या. किनाऱ्याजवळ मणमेलकुडीला द्रौपदांबाळचे आणि मीमिसलला राजकुमारांबाळचे छत्र होते. ही सगळी राजघराण्याशी जोडलेल्या स्त्रियांची नावे आहेत. छत्राभोवती वसलेल्या गावालाही तेच नाव मिळे, त्यामुळे यमुनांबाळपुरम, मुक्तांबाळपुरम अशी गावे कागदोपत्री आली. इतिहासात राण्यांची नावे बहुधा वंशावळीच्या कोपऱ्यात असतात. तंजावरमध्ये मात्र ती छत्राच्या दारावर आणि महसुलाच्या वहीत नोंदली गेली, आणि भुकेला माणूस त्याच नावाने वाट विचारत आला. किनाऱ्यावरच्या सेतुबावाछत्रम या गावाने आपल्या नावात छत्र आजही जपले आहे.

याच काळात याच मुलखाने भीषण दुष्काळही पाहिला. 1781 साली हैदरअलीच्या फौजांनी तंजावरचा प्रदेश उद्ध्वस्त केला. कालवे फुटले, गुरे गेली, शेते ओस पडली. तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली तेव्हा शेतकऱ्यांचा राजाच्या कारभाऱ्यांवर विश्वास उरला नव्हता आणि कंपनीवरही नव्हता. पैसे नक्की मिळतील या भरवशावर त्यांनी धान्य आणि बैल दिले ते ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या शब्दावर. श्वार्ट्झने आधीच साठवलेल्या तांदळातून गरिबांना खाऊ घातले. पुढे हाच श्वार्ट्झ बालवयातल्या दुसऱ्या सरफोजीचा पालक आणि शिक्षक झाला. सरफोजीच्या दानधर्माला जी शिस्त आणि जी सर्वसमावेशक दृष्टी दिसते, तिच्या मुळाशी घराण्याची परंपरा आहे आणि दुष्काळात माणसे जगवणाऱ्या या गुरूचा सहवासही आहे.

जमिनीवर उभे असलेले दान

छत्र चालत असे ते त्याला लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नावर. ही गावे सर्वमान्य असत, म्हणजे त्यांचा सरकारसारा माफ असे आणि तो वाटा छत्राच्या कोठीत जमा होई. भात निघाले की ठरलेला हिस्सा छत्राला पोचायचा आणि त्यातून वर्षभराचा स्वयंपाक, पगार, औषधे, कपडे, डागडुजी यांचा खर्च भागायचा. राजाच्या खजिन्यात त्या वर्षी पैसा आहे की नाही, राजा उदार आहे की चिक्कू, यावर छत्राची चूल अवलंबून नसे. तंजावरचे दान दीडशे वर्षांच्या राजकीय उलथापालथीत टिकले याचे मुख्य कारण ही व्यवस्था आहे.

कोठीतल्या धान्याचा हिशेब मोडी लिपीत ठेवला जाई. तंजावरच्या मराठी दरबाराचे मोडी कागद रुमालांत बांधून सरस्वती महालात जपलेले आहेत आणि त्यांतल्या अनेकांचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहे. के. एम. वेंकटरामय्या यांनी याच कागदांच्या आधारे तंजावरच्या मराठा राजांच्या काळातल्या शासन आणि समाजजीवनावर ग्रंथ लिहिला. तो 1984 साली तमिळ विद्यापीठाने काढला. दरबारचा रोजचा खर्च, नेमणुका, धर्मादाय, दवापाणी, शाळा यांच्या बारीकसारीक नोंदी या कागदांत आहेत. दानधर्माची कीर्ती कवीही गातात, पण दान खरोखर पोचले की नाही हे जमाखर्चाच्या कागदावरून कळते, आणि तंजावरने तो कागद ठेवला.

सरफोजींचे पत्र

दुसरे सरफोजी 1798 साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी, 25 ऑक्टोबर 1799 रोजी, त्यांना ईस्ट इंडिया कंपनीशी तह करावा लागला. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. फौज गेली, न्यायनिवाडा गेला, सारावसुली गेली. छत्रांचे काय करायचे हा प्रश्न तेव्हा उभा राहिला, कारण त्यांच्या गावांच्या महसुलाकडे कंपनीची नजर होती.

जानेवारी 1801 मध्ये सरफोजींनी तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पत्र लिहून छत्रांची व्यवस्था तपशीलवार समजावून सांगितली. हिंदुस्थानातल्या लोकसेवेच्या इतिहासात या पत्राला मोठे मोल आहे, कारण चालू असलेल्या संस्थेचे इतके नेमके वर्णन क्वचित सापडते. तंजावरचा मुलूख त्याच्या दानधर्मामुळे धर्मराज्य म्हणून ओळखला जातो आणि आपल्या पदाला लाभलेल्या मानांत हाच मान आपल्याला सर्वांत मोठा वाटतो, असे सरफोजींनी त्यात सांगितले आहे. सत्ता हातातून गेलेला राजा दुसऱ्या कशासाठीही इतक्या कळकळीने भांडलेला दिसत नाही.

पत्रावरून छत्राचा दिवस डोळ्यांपुढे येतो. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंत प्रत्येक वाटसरूला, तसेच जोगी, जंगम, बैरागी आणि अतिथी यांना शिजवलेला भात मिळे. ज्यांना दुसऱ्याच्या हातचे चालत नसे त्यांना तांदूळ आणि मीठमसाला असा कोरडा शिधा दिला जाई. वाटप रात्री उशिरापर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून हाळी दिली जाई की अजून कोणी उपाशी असेल तर त्याने यावे, त्याच्यासाठी भात तयार आहे. दिवसभरात कोणी राहून गेले असेल तर त्याचा शोध घेण्याची जबाबदारी छत्राने स्वतःवर घेतली होती. मागायला लाजणाऱ्या माणसाला मागावे लागू नये, याची काळजी त्या घंटेत आहे.

काही कारणाने पुढे जाता न येणाऱ्या वाटसरूला छत्रात राहता येई. वाटेत किंवा छत्रात आजारी पडलेल्या माणसाला औषध आणि पथ्याचे जेवण मिळे आणि बरा होईपर्यंत त्याची आदराने शुश्रूषा होई. रोगांवर, सुजेवर आणि सर्पदंशावर उपचार करणारे वैद्य नेमलेले असत. भातशेतीच्या मुलखात सापाचे भय सदाचे, त्यामुळे विष उतरवणारा वैद्य असणे ही तिथल्या माणसाची खरी गरज होती. गरोदर स्त्रियांची विशेष काळजी घेतली जाई. छत्रात बाळंत झालेल्या बाईचा खर्च आणि औषधपाणी छत्र करी आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिला तिथे राहण्याची मुभा असे. आई आणि मूल दोघेही प्रवासाला धड होईपर्यंतचा हा काळ आहे. तो ठरवताना बाळंतिणीच्या जिवाचा विचार कोणीतरी नीट केला होता.

पोरक्या मुलांची व्यवस्था तर याहून दूरवरची होती. छत्रात आलेल्या परक्या माणसांची अनाथ मुले पंतोजीच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, अंगावर कपडे, आजारात औषध आणि दर चार दिवसांनी तेल लावून आंघोळ मिळे. ज्या विद्येकडे मुलाचा ओढा असेल ती त्याला शिकवली जाई आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्याच्या लग्नाचाही खर्च छत्र करी. जे आईबापाने केले असते ते सगळे, तेल-न्हाणापासून लग्नापर्यंत, छत्राने करायचे असा हा नियम होता. जो वाटसरू तिथेच मरण पावे त्याचे अंत्यविधीही त्याच्या जातिधर्माप्रमाणे केले जात.

मुक्तांबाळ छत्र

सरफोजींनी स्वतः उभारलेले सर्वांत प्रसिद्ध छत्र ओरत्तनाडूचे. तंजावरच्या दक्षिणेला, पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यावर हे गाव आहे. मुक्तांबाळ ही सरफोजींची प्रिया होती. ती तरुणपणीच गेली आणि आपल्या नावाने अन्नछत्र व्हावे अशी इच्छा तिने शेवटी बोलून दाखवली, अशी हकिकत तंजावरमध्ये सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे छत्र बांधले गेले. विटांचे भक्कम बांधकाम, मधले चौक, लाकडी खांबांच्या ओवऱ्या आणि दर्शनी भागात रथासारखी रचना असे त्याचे रूप आहे. विवाहित राणी नसलेल्या स्त्रीच्या नावाने राजाने इतके मोठे लोकोपयोगी काम उभारावे, हेही त्या काळाच्या मानाने विशेष होते.

ओरत्तनाडूला अन्नदानाच्या जोडीने शिक्षण आले. सरफोजींनी तंजावरमध्ये आणि मुक्तांबाळ छत्रात शाळा चालवल्या आणि त्यांत अनेक भाषा शिकवण्याची सोय केली. 1805 च्या सुमारास त्यांनी तंजावरच्या राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला. इसापनीतीचे ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी भाषांतर याच छापखान्यातले. मराठी छपाईच्या आरंभकाळातल्या पुस्तकांत त्याचा मान वरचा आहे आणि ते मुलांसाठी होते, ही गोष्ट छत्रातल्या पंतोजीशी जोडून पाहायला हवी. राजवाड्यातल्या धन्वंतरी महालात देशी वैद्यकाची तपासलेली औषधे तयार होत आणि रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात. ग्रंथालय, छापखाना, औषधशाळा आणि छत्र या चार गोष्टी सरफोजींच्या कारभारात एकमेकींना पूरक होत्या.

गुरू श्वार्ट्झ 1798 साली वारल्यानंतर सरफोजींनी त्यांच्या स्मरणार्थ कण्णंदंगुडी इथे गरीब ख्रिस्ती मुलांसाठी निवासी संस्था काढली. तिथे पन्नास मुलांचे पालनपोषण आणि शिक्षण होई, शिवाय आंधळ्या-पांगळ्या निराधारांनाही आधार मिळे. सरफोजी स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी पुढे मोठ्या लवाजम्यासह काशीयात्राही केली. गुरूचे ऋण मात्र त्यांनी गुरूच्या समाजातल्या गरिबांना जेवू घालून फेडले.

मर्यादा

या व्यवस्थेचे मोल मानताना तिच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. सर्वांना अन्न मिळे, पण सर्व जण एका पंगतीला बसत नसत. शिजवलेले आणि कोरडे अन्न देण्यातला भेदच जातिव्यवस्थेने घातलेला होता. वेदपाठाची सोय ब्राह्मणांपुरती होती. छत्राच्या कोठीत येणारे भात ज्यांच्या घामातून निघे ते शेतमजूर बहुतेक वेळा जमिनीला बांधलेले, अर्धपोटी राबणारे दलित होते. त्या श्रमाचा उल्लेख दानाच्या कागदात येत नाही. तरीही मध्यरात्रीच्या हाळीतून कोणतीही जात वगळलेली नव्हती, हेही तितकेच खरे आहे. त्या काळच्या हिंदुस्थानात इतके व्यापक दार फार थोड्या संस्थांनी उघडले होते.

याच पिढीत अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली. त्यांचे काम देशभर पसरलेले होते, तर तंजावरचे एका मुलखात दाट विणलेले. तंजावरच्या उत्तरेला वडलूर इथे रामलिंग स्वामींनी 1867 साली सत्यधर्मशाळा काढली आणि जातिभेद न मानता अन्नदान सुरू केले. तिथे पेटवलेली चूल आजवर विझलेली नाही. पंक्तिभेदाची जी मर्यादा छत्रांना ओलांडता आली नाही, ती वडलूरने ओलांडली.

1855 नंतर

दुसरे शिवाजी ऑक्टोबर 1855 मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राजवाड्यातली खासगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी त्याविरुद्ध दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1859 मध्ये, सरकारच्या राजकीय कृतीचा न्यायनिवाडा न्यायालय करू शकत नाही असे सांगून फेटाळला गेला. पुढे काही मालमत्ता घराण्याला परत मिळाली. छत्रे मात्र सरकारी देखरेखीखाली गेली आणि नंतर त्यांचा कारभार तंजावरच्या जिल्हा मंडळाकडे आला.

या बदलाने छत्रांचा हेतूही हळूहळू बदलला. आगगाडी आली, पायी यात्रा कमी झाली आणि वाटसरूच्या जेवणावर होणारा खर्च घटला. उरलेल्या उत्पन्नातून शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांना पैसा मिळू लागला. कावेरीच्या काठी तिरुवैयारू इथे कल्याण महाल या राजेशाही वास्तूत 1881 साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच पुढे संस्कृत आणि तमिळ शिकवणारे राजाचे महाविद्यालय झाले. तंजावर शहरातले राजा मिरासदार रुग्णालयही त्याच सुमाराचे. राजघराण्याने आणि जिल्ह्यातल्या मिरासदार जमीनमालकांनी दिलेल्या देणग्यांची खूण त्याच्या नावातच आहे, आणि जिल्ह्यातल्या कित्येक पिढ्या तिथे जन्मल्या आहेत. 1918 साली राजघराण्याने सरस्वती महाल ग्रंथालय लोकांसाठी खुले केले आणि त्याच्या निगेसाठी एक लाख रुपये दिले. तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखितांचा हा साठा त्या देणगीमुळे अभ्यासकांना मिळाला. 1983 साली ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली.

आज छत्रांचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या छत्रम प्रशासनाकडे आहे. विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची आणि शिक्षणाची सोय हा त्याचा मुख्य वारसा. जुन्या इमारतींपैकी काहींचा वापर चालू आहे, काही पडझडीला आल्या आहेत. तमिळनाडूने शाळेतल्या मुलांना जेवण देण्याची योजना 1956 साली कामराजांच्या कारकिर्दीत सुरू केली आणि 1982 साली एम. जी. रामचंद्रन यांनी ती फार मोठी केली. नंतर ती देशभर गेली. भुकेल्या मुलाला आधी जेवू घालायचे आणि मग शिकवायचे, हा विचार तंजावरच्या छत्रात दीडशे वर्षे आधीच रुजलेला होता.

तंजावरी मराठी समाज

सत्ता गेली तरी मराठी कुटुंबे तंजावर, कुंभकोणम आणि आसपासच्या गावांत राहिली. कुंभकोणमचे टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. त्यांचे नातलग आर. रघुनाथराव यांनी इंदूरची दिवाणगिरी केली आणि विधवाविवाहाच्या बाजूने शास्त्राधार मांडत आयुष्यभर सुधारणेचे काम केले. तंजावरमध्ये आणि मन्नारगुडीत समर्थ संप्रदायाचे मठ होते. रामनवमी, दासनवमी, कीर्तन आणि त्याबरोबरचे अन्नदान ही त्या मठांची रीत.

नोकरीधंद्यासाठी यातली बरीच कुटुंबे मद्रासला गेली. तिथे 1912 साली महरट्टा एज्युकेशन फंड ही संस्था निघाली. दक्षिणेतल्या मराठी समाजातल्या गरजू मुलांच्या शिक्षणाला वर्गणीतून मदत करायची, हा तिचा उद्देश. राजाने जमीन लावून जे काम केले होते, ते आता मध्यमवर्गीय माणसांनी पगारातली रक्कम बाजूला काढून सुरू केले. शंभर वर्षे उलटून गेली तरी संस्था चालू आहे. घरात तमिळ मिसळलेली मराठी बोलणाऱ्या, स्वयंपाकात सांबार आणि पुरणपोळी दोन्ही करणाऱ्या या समाजाने आपली ओळख परस्परांना शिकवण्यातून टिकवली.

आजची लोकसेवा

तंजावर परिसरात स्वयंसेवेच्या ज्या रीती आज दिसतात, त्या मराठी राजवटीच्या आधीपासूनच्या तमिळ परंपरेतही आहेत. चैत्र-वैशाखात रस्त्याकडेला ‘तण्णीर पंदल’ म्हणजे पाणपोयांचे मांडव उभे राहतात आणि वाटसरूंना पाणी, ताक, कधी पानक दिले जाते. जत्रेच्या दिवशी पायी जाणाऱ्या भाविकांसाठी गावकरी वाटेवर भात रांधून वाढतात. ‘उळवारप्पणी’ ही मंदिरसेवाही तशीच. सातव्या शतकातले शैव संत अप्पर हातात खुरपे घेऊन मंदिरांच्या आवारातले गवत काढत फिरले. आज त्यांच्या नावाने गट जमतात आणि सुटीच्या दिवशी एखाद्या दुर्लक्षित मंदिराच्या भिंतींवरची रोपे उपटतात, आवार झाडतात, तळी साफ करतात.

संकटाच्या वेळी हीच सवय कामाला येते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत जुन्या तंजावर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. पहिल्या काही दिवसांत यंत्रणा पोचण्याआधी आसपासचे लोकच धावले. नागोर भागातल्या मुस्लिम जमातींच्या तरुणांनी वाचलेल्यांना अन्न दिले आणि धर्म न पाहता मृतदेह उचलून पुरले. प्रतापसिंहाने जिथे मिनार बांधला तिथल्या लोकांनी परक्यांचे अंत्यविधी केले.

16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला धडकले. ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी भागातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या. नारळाचे झाड पुन्हा फळाला यायला कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे हे नुकसान एका हंगामाचे नव्हते. अन्नधान्याची तातडीची मदत राज्यभरातून आली. ती ओसरल्यावर पेरावूरणीच्या तरुणांनी पुढचा प्रश्न हाती घेतला, आणि तो होता पाण्याचा.

हा भाग ‘कडैमडै’, म्हणजे कालव्याचे शेवटचे टोक. 1934 साली मेट्टूर धरणाबरोबर झालेल्या कल्लणै कालव्याचे पाणी इथवर पोचते ते तुटपुंजे आणि उशिरा. जुने तलाव गाळाने भरले होते, बांध फुटले होते, काठ अतिक्रमणाने आवळले होते. 2019 साली स्थानिक तरुण आणि शेतकरी यांनी कडैमडै भागातल्या शेतकऱ्यांची एकात्मिक संघटना स्थापन केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘कैफा’ या नावाने ओळखली जाते. वर्गणी काढून, यंत्रे भाड्याने घेऊन त्यांनी आधी पेरावूरणीचा मोठा तलाव उपसला, गाळ काढून बांध मजबूत केले आणि काठावर झाडे लावली. त्यानंतर इतर गावांचे तलावही त्यांनी घेतले. परदेशी गेलेल्या गावकऱ्यांनी पैसे पाठवले, घरी असलेल्यांनी श्रम दिले. तलाव भरल्यावर आजूबाजूच्या विहिरींना पाणी येते आणि त्याचा लाभ वर्गणी न दिलेल्या शेतकऱ्यालाही होतो. पेरावूरणीपासून सेतुबावाछत्रम जवळच आहे. जिथे दोनशे वर्षांपूर्वी यात्रेकरूंना छत्र लागत असे, तिथेच आज शेतकऱ्यांना तळी लागतात.

टिकण्याची अट

सर्वमान्य गावे, मोडीतला जमाखर्च, वर्गणीचा शिक्षणनिधी आणि गाळ उपसलेला तलाव यांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक ठिकाणी मदतीला कायमचा पाया दिला गेला, तिचे नियम ठरले आणि ती कोणाकोणाला द्यायची याची व्याख्या रुंद ठेवली गेली. उदार राजे पुष्कळ होऊन गेले आणि त्यांच्यामागे त्यांची कीर्ती तेवढी उरली. तंजावरचे दान उरले, कारण ते राजाच्या मर्जीतून काढून जमिनीत, नेमणुकीत आणि हिशेबात घातले गेले होते. हिशेब ढिला पडला, जमिनीचा खंड बुडाला किंवा इमारतीची डागडुजी राहिली, तेव्हा तेच दान कमजोर झाले, हीही त्याच इतिहासाची शिकवण आहे.

त्यामुळे आज करायच्या कामांची यादीही स्पष्ट आहे. ओरत्तनाडूच्या छत्रासारख्या वास्तूंची शास्त्रशुद्ध दुरुस्ती व्हायला हवी आणि दुरुस्तीनंतर त्या लोकांच्या वापरात राहायला हव्यात. विद्यार्थ्यांचे वसतिगृह किंवा वाचनालय हा त्यांचा मूळ हेतूला धरून असलेला उपयोग आहे. छत्रांच्या जमिनींचे उत्पन्न नीट वसूल होऊन ते शिक्षणावर आणि आरोग्यावरच खर्च झाले पाहिजे. सरस्वती महालातले मोडी कागद वाचणारे हात महाराष्ट्रातून तयार होऊन तिथे जायला हवेत, कारण मोडी आणि तमिळ दोन्ही जाणणारे वाचक थोडे आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने हे काम मिळून केले, तर छत्रांच्या कोठीतून किती भात निघाले, किती मुले शिकली, किती बाळंतिणी सुखरूप घरी गेल्या, याचा हिशेब नोंदींच्या आधारे मांडता येईल.